खिडकीसमोरचा खांब

संजय एका घरावर जळत होता. माणसावर नव्हे, घरावर! आणि तेही पोलंडमधल्या कुठल्याशा खेड्यातल्या, महायुद्धात जमीनदोस्त झालेल्या घरावर. आता याला काय म्हणायचं?

झालं असं, की अमेरिकेत, नोव्हायला आल्यापासून आसावरी घरी बसून होती. पुण्यात ती आर्किटेक्ट होती, पण नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोला इथे नोकरी करता येत नाही. सुरुवातीला चिडली, रडली, मग गप्प झाली. संजयला वाटलं, चला, रुळली एकदाची. तो गाड्यांच्या बॉडीचं डिझाइन करायचा. संध्याकाळी घरी आला की गरम पोळी मिळायची, आणि ऑफिसात आज कोण काय म्हणालं ते ती मन लावून ऐकायची. झकास चाललं होतं.

मग दोन हजार सहाच्या हिवाळ्यात तिनं लायब्ररीच्या बोर्डावर एक जाहिरात वाचली. झिग्मुंट नावाच्या एका म्हाताऱ्याला आपल्या गेलेल्या घराचं मॉडेल करून हवं होतं, जवळच्याच हॅमट्रॅमिक गावातल्या पोलिश लोकांच्या हॉलमध्ये ठेवायला. पैसे मिळणार नव्हते. आसावरी दुसऱ्याच दिवशी फोन करून मोकळी झाली.

म्हातारा घरी आला तो सूट घालून. दारातच कमरेत वाकला, आसावरीचा हात हातात घेतला आणि त्याचं चक्क चुंबन घेतलं! संजय शेजारी उभा, हातात चहाचा कप.

"अरे, त्यांच्याकडे पद्धत आहे ती," म्हातारा गेल्यावर आसावरी म्हणाली. "ऐंशीचे आहेत ते. काका आहेत."

"काका म्हणे! आमच्या काकांनी नाही कधी कुणाचे हात चाटले," संजय म्हणाला. नाकाचा शेंडा लाल झाला होता नुसता.

त्या दिवसापासून जेवणाचं टेबल गेलं. त्यावर लाकडाच्या पातळ पट्ट्या, गोंद, कटर आणि मधोमध ते घर. संजय मांडीवर ताट घेऊन सोफ्यावर जेवायला लागला. पोळ्या गरमच असायच्या, तक्रारीला जागा नव्हती. पण ऑफिसच्या गोष्टी सांगायला लागला की आसावरी मध्येच म्हणायची, "थांब हं, हे चिकटतंय."

आणि मग सुरू व्हायची. "अरे, हे घरवाले राजे-महाराजे नव्हेत. गावातले छोटे सरदार, पण रुबाब बघ! घर एकमजली, लाकडाच्या ओंडक्यांचं, वरून चुन्यानं पांढरं केलेलं. छप्पर मध्येच एकदा मोडून पुन्हा खाली उतरतं, म्हणजे वर जागा मिळते आणि बर्फही साचत नाही. चारी कोपऱ्यांवर खोल्या बाहेर काढलेल्या. आणि गंमत सांगू? घराचं तोंड पूर्वेला नाही, दक्षिणेला नाही. सकाळी अकरा वाजता सूर्य जिथे असतो तिकडे! म्हणजे दिवसभरात एकेका खोलीत ऊन जाऊन येतं. मी आपली सवयीनं पूर्वेला तोंड करून ठेवलं होतं, तर काका पोट धरून हसले."

"आणि आपल्या अपार्टमेंटचं तोंड कुठे आहे?"

"पार्किंगकडे," आसावरी म्हणाली आणि पुन्हा पट्टी कापायला लागली.

आपल्याशी ही बाई अशी डोळ्यांत चमक घेऊन शेवटचं कधी बोलली होती? त्याला आठवेना. त्याला ती चमक परत हवी होती, बस्स. लग्न त्याच्याशी झालं होतं ना? की त्या ओंडक्यांशी?

ऑफिसातला कुमार वर मीठ चोळायचा. "काय यार, वहिनी म्हणे पोलंडला सेटल झाल्या?"

एका रविवारी आसावरी भाजी आणायला गेलेली असताना संजयनं म्हाताऱ्याचा तो एकुलता एक फोटो उचलला. पांढरं घर, समोर ऐटदार देवडी, तिला चार उंच गोल खांब. संजयचा सारा जन्म पत्र्यांचे सांधे बघण्यात गेलेला. त्याची नजर थबकली. डावीकडचा शेवटचा खांब थेट एका खिडकीसमोर आला होता. अर्धी खिडकी झाकलेली! कुठला शहाणा माणूस खिडकी ठेवून तिच्यापुढे खांब घालेल? म्हणजे देवडी मागाहून चिकटवलेली. आणि म्हातारा तर दोनशे वर्षांचं घर, दोनशे वर्षांचं घर म्हणून मिरवत होता.

संजयला काय आनंद झाला म्हणून सांगू! मग तो हात धुऊन मागे लागला. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत नेटवर शोधायचा, लायब्ररीतून गुपचूप पुस्तकं आणायचा. अशा घरांना पुढच्या काळात लोकांनी हौसेनं खांब लावून घेतले, खानदानी दिसावं म्हणून, हे त्याला नीट कळलं. आसावरीला अवाक्षर बोलला नाही. मॉडेल हॉलमध्ये मांडायच्या कार्यक्रमासाठी राखून ठेवलं.

तो दिवस मे महिन्यात आला. हॉलमध्ये सगळे म्हातारे-म्हाताऱ्या नटून आलेले, टेबलावर उकडलेल्या करंज्यांसारखे पदार्थ, आणि मधोमध आसावरीचं मॉडेल. झिग्मुंटनं भाषण केलं, सगळ्यांदेखत तिच्या हाताचं चुंबन घेतलं. टाळ्या पडल्या. "कुणाला काही विचारायचंय?" असं झिग्मुंट म्हणाला आणि संजय उठलाच.

"घर दोनशे वर्षांचं असेल," तो इंग्रजीत ठणकावून म्हणाला, "पण हे खांब तेव्हाचे नाहीत. खिडकीसमोर खांब आलाय, बघा. हे नंतर लावलेत, नुसते दिखाव्याला."

आसावरीनं मान खाली घातली. संजय म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिला, आता पडेल, मग पडेल.

म्हातारा हसला. "शाबास! तुझा नवरा हुशार आहे, आसावरी. खांब माझ्या वडिलांनी लावले. शेजारच्या गावच्या सरदाराकडे असे खांब होते, आणि लग्नाआधी त्याचं माझ्या आईवर मन होतं. वडिलांना ते सहन होईना. अक्रोडाची झाडं तोडून त्यांनी हे उभे केले. ती खिडकी आईच्या शिवणाच्या खोलीची. तिथलं ऊन गेलं ते गेलंच. आई दिवसा दिवा लावून शिवायची."

कुणीतरी म्हातारी हळहळली. संजय खाली बसला.

मग त्याला मॉडेलची ती बाजू दिसली. देवडीचं लाकूड आसावरीनं मुद्दाम वेगळ्या रंगाचं घेतलं होतं, सांधा उघडा ठेवला होता, आणि त्या खिडकीला आतून काळा कागद लावला होता. हिला सगळं पहिल्यापासून ठाऊक होतं.

परत येताना संजयनं गाडी हायवेवर घेतली.

"सॉरी," शेवटी संजय म्हणाला. "जळलो मी. आय मीन, खरंच जळलो."

"कळलं ते," आसावरी म्हणाली. ती रागावलेली वाटत नव्हती, त्यानं तो जास्तच घाबरला. "एवढं सगळं तू कधी वाचलंस?"

"महिनाभर वाचतोय." त्याला जरा धीर आला. "छप्पर का मोडतात, कोपऱ्यातल्या खोल्या कशाला, ओंडके कुठल्या झाडाचे, सगळं सांगतो. विचार काहीही!"

"विचारू?"

"विचार ना."

"कॉलेजात शेवटच्या वर्षी मी थिसिससाठी काय डिझाइन केलं होतं?"

हॉस्पिटल म्हणावं, की म्युझियम? लग्नाच्या आधी ती कधीतरी सांगत होती, हातवारे करून सांगत होती, ते हात त्याला आठवले. बाकी काही आठवेना. समोर नोव्हायची पाटी आली आणि मागे गेली.

"सांग ना गं," तो म्हणाला. "प्लीज."

आसावरीनं खिडकीची काच थोडी खाली केली.

"झिग्मुंटकाकांना विचार," ती म्हणाली. "त्यांना माहीत आहे."