चौकोनी मेज

अल्बिनाने रस्त्याने चाललेल्या एका अनोळखी माणसाचं मनगट धरलं आणि त्याच्या पंजावर लोकरीचा हातमोजा चढवला.

"घाबरू नका, लग्न लावत नाहीये," ती म्हणाली. "माप बघायचंय फक्त. मूठ वळा बघू."

माणसाने निमूटपणे मूठ वळली. त्याची बायको बाजूला उभी राहून हसू दाबत होती.

"छे, लहान आहे," अल्बिनाने हातमोजा काढून विकणारीच्या पुढ्यात टाकला. "आमच्या सावाचा पंजा म्हणजे फावडं आहे. मोठा दाखवा."

"याहून मोठा अस्वलाला लागतो, बाई."

"मग अस्वलाचाच द्या. काय गं रिम्मा?"

रिम्माने हातातली पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "घे मोठाच," ती म्हणाली आणि बाजारपेठेच्या कमानींपलीकडे, नदीच्या दिशेला बघत राहिली.

सुझ्दाल या जुन्या देवळांच्या रशियन गावात ऑक्टोबरात गर्दी ओसरते. काकड्यांचा हंगाम संपलेला असतो, बग्गीवाले घोड्यांना घोंगड्या पांघरून गप्पा छाटत बसतात, आणि पाऊस पडायचा की बर्फ हे आभाळाचं ठरत नसतं. अशा दिवसांत उत्तरेकडच्या मूर्मान्स्क बंदराहून इतक्या लांब देवळं बघायला कोण येतं? पण अल्बिनाने एकदा मनात घेतलं की घेतलं. रिम्मा महिनोन् महिने घराबाहेर पडली नव्हती. तिला नुसतं चल म्हणून भागलं नसतं, म्हणून अल्बिनाने परस्पर तिकिटं काढली, तिची बॅग भरली, तिचे केसही स्वतःच कापून दिले. केस कापणं हा तिचा धंदाच होता आणि गिऱ्हाइकाचं न ऐकणं ही त्यातली खासियत.

एकाच जिन्यावर, समोरासमोरच्या दारांत दोघी तीस वर्षं राहत होत्या. सावा, म्हणजे सावेली, रिम्माचा मुलगा, पण तो वाढला दोन्ही स्वयंपाकघरांत. रिम्माची रात्रपाळी असली की तो अल्बिनाकडे झोपायचा. अल्बिनाला स्वतःचं मूल नव्हतं आणि त्याबद्दल ती कधी बोलली नाही, बोलायची गरजच पडली नाही. गेल्या हिवाळ्यात सावाचं मासेमारीचं जहाज बर्फ साचून कलंडलं. काही माणसं जिवंत सापडली, काहींची प्रेतं सापडली, आणि काहींचं काहीच सापडलं नाही. सावा या शेवटच्यांत होता. त्या दिवसापासून अल्बिना रोज संध्याकाळी दुकान बंद करून आली की आधी समोरचं दार ठोठावायची.

"फोन आला?"

"अजून नाही."

"येईल. नॉर्वेवाल्यांनी उचलला असेल. कुठल्यातरी दवाखान्यात पडला असेल, नाव-गाव विसरून. होतं असं."

रिम्मा मान हलवायची आणि चहा ठेवायची. ही बाई आशेवर जगते आहे, आपण जरा ढिले पडलो तर ही कोसळेल, असं अल्बिनाला वाटायचं, आणि म्हणून ती एक दिवसही ढिली पडली नाही.

जेवायला त्या एका बुटक्या लाकडी खानावळीत बसल्या. मशरूमचं सूप, कोबीचं सारण भरलेल्या गरम पाव-पोळ्या आणि मधाची दारू. दुसऱ्या पेल्यानंतर अल्बिनाच्या तोंडाचा पट्टा सुटला.

"आला ना, की त्याला पुन्हा समुद्रावर जाऊ द्यायचं नाही. सांगून ठेवते. माझ्या दुकानाशेजारी गाळा रिकामा आहे. बूट दुरुस्त करू दे, चाव्या बनवू दे. आणि लग्न! त्या औषधांच्या दुकानातल्या पोरीला मी कधीचं हेरून ठेवलंय."

"अल्या," रिम्मा म्हणाली. "जरा ऐक माझं."

"उंची थोडी कमी आहे, मान्य. पण नाकीडोळी—"

"अल्या."

"काय?"

रिम्माने तिच्याकडे पाहिलं. अल्बिनाचे गाल दारूने आणि बोलण्याने लाल झाले होते. एका हातात चमचा होता आणि दुसरा हात हातमोज्यांच्या पुडक्यावर होता.

"सूप गार होतंय," रिम्मा म्हणाली.

बाहेर भुरभुर सुरू झाली. देऊळ बघायचं रिम्मानेच काढलं. अल्बिनाला देवळांचं वावडं नव्हतं, पण गतीही नव्हती. तिच्या लहानपणी, सोव्हिएत काळात, शाळेत लाल रुमाल गळ्यात बांधून देव नाही असं घोकवून घेतलं होतं, ते तिने घोकलं, आणि पुढे कुणी उलट घोकवायला आलं नाही. बायकांनी डोकं झाकावं म्हणून दारात ठेवलेल्या टोपलीतून तिने फुलाफुलांचा ओढणीसारखा रुमाल उचलून डोक्याला गुंडाळला.

"कशी दिसते?"

"बाजारात कोबी विकणारीसारखी," रिम्मा म्हणाली. फार दिवसांनी तिने थट्टा केली होती. अल्बिनाला इतका आनंद झाला की तिला हसायचंही सुचलं नाही.

आत ऊब होती, मेणाचा आणि ओल्या कोटांचा वास होता. रिम्माने दाराजवळच्या काउंटरवर एक मेणबत्ती घेतली आणि ती अल्बिनाच्या हातात दिली.

"तू लाव. सावासाठी. माझ्याने नाही होणार."

"कुठे लावू?"

"जा, लाव," रिम्मा म्हणाली आणि खांबापाशी उभी राहिली.

संतांच्या चित्रांसमोरच्या गोल, पितळी दिवठाणांभोवती यात्रेकरूंचा एक जथा दाटीने उभा होता. एकही खोबण मोकळी नव्हती. डावीकडे, जरा अंधारात, एक चौकोनी बुटकं मेज होतं. त्याच्या कडेला लहानसा क्रूस होता आणि त्यावर हव्या तेवढ्या जागा रिकाम्या होत्या. लोक उगाच एका ठिकाणी चेंगरतात, असं मनात म्हणत अल्बिना तिकडे गेली. तिने मेणबत्ती पेटवली, बूड वितळवून खोबणीत नीट बसवली, अगदी सरळ. मग काय करायचं ते न कळून ती ज्योतीला हळूच म्हणाली, "लवकर ये रे बाबा. तुझी आई थकली."

मेण खरवडणारी एक म्हातारी तिच्याजवळ आली.

"कुणासाठी लावलीस, पोरी?"

"मुलासाठी," अल्बिना म्हणाली, आणि ही चूक तिने दुरुस्त केली नाही.

"देव त्याच्या आत्म्याला शांती देवो."

"शांती कसली? तो येणार आहे. जहाजावर गेलाय."

म्हातारीचा हात थांबला. "अगं बाई! मग इथे नाही लावायची. हे गेलेल्यांचं मेज आहे. जिवंत माणसासाठी तिकडे, संतांच्या चित्रांसमोर."

 देव नाही हे अल्बिनाला पाठ होतं, तरी ते त्या क्षणी काही कामाला आलं नाही. आपण आपल्या हाताने त्याला लोटलं असंच तिला वाटलं. तिने झडप घालून मेणबत्ती धरली. कढत मेण बोटांवरून वाहिलं. तेवढ्यात तिच्या हातावर दुसरा हात आला.

"राहू दे," रिम्मा म्हणाली.

"अगं, चुकले मी! मला काय माहीत, सगळी मेजं मला सारखीच. रिम्मा, तू मनाला लावून घेऊ नकोस, आत्ता तिकडे लावते—"

"मला दिसत होतं."

"काय?"

"तू या मेजाकडे चालली होतीस ते. मला माहीत होतं हे कुठलं मेज आहे. मी हाक मारली नाही."

अल्बिनाने मेणबत्ती सोडली नाही. ती रिम्माच्या तोंडाकडे बघत राहिली. तिथे रडं नव्हतं, नुसता थकवा होता, आणि तो काल-परवाचा नव्हता.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"वसंतापासून. तो गेला, हे तेव्हाच मानलं मी."

"आणि मी रोज... मग मला का नाही सांगितलंस?"

"तू रोज दार ठोठावायचीस," रिम्मा म्हणाली. "बाहेरूनच विचारायचीस, फोन आला का. तो येणार नाही, असं तुला कसं म्हणू, अल्या? मला वाटलं, तू कोसळशील."

  अल्बिनाचे खांदे हलायला लागले, मग सगळं अंग. रुमाल डोक्यावरून घसरला. इतके महिने ती जे रडं रिम्मासाठी अडवून बसली होती, ते तिचं स्वतःचंच होतं. रिम्माने तिला कवेत घेतलं आणि मेणबत्तीवरची तिची बोटं हलकेच सोडवली.

म्हातारी तिथेच उभी होती. अशी माणसं तिने पाहिली असणार, तिला घाई नव्हती.

"नाव सांगा," ती हळू आवाजात म्हणाली. "प्रार्थनेत घ्यावं लागतं."

रिम्माचे ओठ हलले. इतका वेळ धीराने बोललेल्या त्या आईला ते एवढं जमेना. तिने अल्बिनाकडे पाहिलं.

अल्बिनाने भाजलेल्या हाताने नाक पुसलं.

"सावेली," ती म्हणाली.