खालची बाजू

चकतीच्या कडेला एक तपकिरी ठिपका होता, मोहरीएवढा. चिमटीत धरून तिनं ती खिडकीपाशी नेली, उलटली, खालची बाजू पाहिली आणि बशीत टाकली. बशीत अशा बऱ्याच जमल्या होत्या. संध्याकाळी चहाबरोबर त्या खायच्या. रविवारी चर्चमध्ये पाळकांनी प्रार्थना म्हणेपर्यंत ते नुसतं पीठ आणि पाणी, असं मंडळीच्या सेक्रेटरींनीच सांगितलं होतं, तेव्हा पाप लागायचा प्रश्न नव्हता. तरी त्या खाताना ती दिवा लावायची नाही... का, ते तिचं तिलाही धड सांगता आलं नसतं.

बिस्किटांच्या कारखान्यात तिचं उभं आयुष्य पट्ट्यासमोर गेलं होतं. पट्टा सरकायचा, हात आपोआप पुढं व्हायचा – उचल, उलट, बघ, ठेव. करपलेलं बाहेर. समोरच्या भिंतीवर हातभर अक्षरांत लिहिलेलं होतं, ‘आपल्याला लागेल ते आपणच करू’, आणि ते तिला पटायचं, अगदी मनापासून पटायचं. मिशनच्या वसतिगृहात, बोटीनं आलेले, दुसऱ्याच कुणाच्या मापाचे झगे घालून, पाहुण्यांपुढं ओळीत उभं राहून आभाराची गाणी म्हणत वाढलेल्या मुलीला ते पटणारच. म्हणून तर सरकारनं बाहेरचा माल बंद केला आणि येशूचं शरीर म्हणून घ्यायच्या प्रभुभोजनाच्या चकत्यांची परदेशी पाकिटं यायची थांबली, तेव्हा मंडळीच्या सभेत सगळे एकमेकांची तोंडं बघत असताना हीच उठली. कुणीतरी म्हणत होतं, अर्ज करू, देवाच्या कामाला सूट देतील. "मागायचं कशाला?" ती म्हणाली. "मी करून देते."

टाळ्या पडल्या. तिच्यासाठी म्हणून टाळ्या पडायची ती पहिलीच वेळ. सेक्रेटरींनी लोहाराकडून साचा करून आणला, त्यातला क्रूस जरा डावीकडे कललेला. धाकटा भाऊ सरकारच्या उद्योग खात्यात, चर्चची पायरी त्यानं कधीच सोडलेली, तो फोनवर हसत म्हणाला, "चला ताई, तुझा देवही स्वदेशी झाला एकदाचा." तीही हसली. चिडवण्यासारखं होतंच ते.

आणि मग पहिल्याच रविवारी पाळकांनी तळहातावर चकती ठेवली, तेव्हा तिच्या मनात आलं – ही दुसऱ्या खेपेची, पीठ जरा सैल झालं होतं. बस्. एवढंच आलं. जागेवर येऊन ती गुडघे टेकून बसली, डोळे मिटले, पूर्वीसारखं आत काही हलेल म्हणून वाट पाहिली... काही नाही. त्यानंतर दर रविवारी हेच. ही पातळ झाली, ही कडेला फुटली, हिच्यावर क्रूस नीट उठला नाही.

पूर्वीची चकती पांढरीशुभ्र असायची, कागदासारखी हलकी, चव म्हणून नसायची. ती कुणी केली असेल असं कधी मनातसुद्धा आलं नव्हतं. ती मिळायची. बाकी सगळं तिचं तीच करत आली होती – बाजार, स्वयंपाक, आरशात बघून डोळ्यांत औषध, आणि ताप आला की आपल्याच कपाळावर आपलाच गरम हात ठेवून बघायचं. त्यात कळणार काय, कप्पाळ! आठवडाभरात तिला कुणी काही देत असेल तर ते एवढंच, बोटभर, रविवारी सकाळी. आणि तेही तिनं आपल्या तोंडानं बंद करून टाकलं होतं. पण मी चुकीचं काय बोलले? देशानं लोकांच्या दारात उभं राहू नये, हे खरंच आहे... मग मी कुणाच्या दारात उभी राहू?

मागच्या आठवड्यात तिनं पाळकांना विचारून पाहिलं होतं, जुन्यांपैकी एखादं पाकीट शिल्लक असेल का. त्यांना वाटलं, दमली. "झेपत नसेल तर सांगा हं मावशी, दुसरं कुणी बघू." ती घाईघाईनं नाही नाही म्हणाली आणि पळालीच. एकटं वाटतं, हे माणूस पाळकांना सांगू शकतो. पण तुमच्या प्रभुभोजनात मला आता माझाच स्वयंपाक दिसतो, हे कसं सांगायचं?

तिनं निवडलेल्या चकत्यांचा डबा बंद केला, ओढणीनं डोकं झाकलं आणि चर्चला निघाली. रस्त्यात ठरवून टाकलं: आज शेवटचं. आजही आत काही हललं नाही, तर पुढच्या रविवारपासून डबा पोचता करायचा आणि मागच्या बाकावर बसून राहायचं. करणारीनं घ्यायलाच हवं असं कुठं आहे?

गाणी झाली, उपदेश झाला, त्यातलं तिला काही ऐकू आलं नाही. ओळ पुढं सरकत होती, पट्ट्यासारखी, सावकाश. वेदीच्या कठड्यापाशी तिनं गुडघे टेकले, उजवा तळहात डाव्यावर ठेवला. पाळकांनी नेहमीचे शब्द उच्चारले, चकती ठेवली – आणि तिच्या डाव्या हातानं ती उचलली, उलटली आणि खालची बाजू पाहिली.

हात करून मोकळा झाला तेव्हा तिला कळलं. शेजारच्या बाईनं मान वळवली होती. चकती चटकन तोंडात टाकायला हवी होती. पण नजर हटेना, कारण खालची बाजू करपलेली होती. चांगली अर्धीअधिक.

"साहेब, ही करपलीय," ती पुटपुटली. "ही कशी राहिली..."

पाळक वाकले. त्यांनी चकतीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"असू दे," ते हळूच म्हणाले. "घ्या."

तिनं ती तोंडात ठेवली. कडू लागली. चव ओळखीची होती, बशीतल्या चकत्यांची, रोज संध्याकाळी अंधारात एकटीनं खाल्लेल्या. अगदी तीच. पण ही दिसली असती तर तिनं बाहेर काढली असती. हिला तिनं इथवर येऊच दिलं नसतं. घरी कुणी घ्या म्हणत नाही, एवढाच काय तो फरक... एवढाच का?

ती बाकावर परत आली. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. पुढच्या रविवारचं काय, ते ठरवायचं तिला आठवलंच नाही. तळहात मांडीवर तसाच उघडा पडला होता, आणि कडू चव जाऊ नये म्हणून ती आवंढा गिळायचं टाळत होती.