आधी थोबाडीत की आधी कान

प्रणिताच्या लग्नाची ब्लू-रे डिस्क घरच्या लॅपटॉपवर नेमकी कानपिळीला अडखळायची. नवरदेवाचा कान पिळून 'माझ्या बहिणीला नीट सांभाळ' असं बजावायचा मान वधूच्या भावाचा. सुधन्वादादा तो मान घ्यायला पुढे येतो, इथपर्यंत सगळं छान चालायचं. साकेतच्या कानात भिकबाळी, कान दादाच्या चिमटीत, दोघेही हसताहेत. मग चित्र गोठायचं. सुटायचं तेव्हा साकेतचा कान फाटलेला, शेला रक्ताने भिजलेला आणि दोघे होमाशेजारी एकमेकांच्या उरावर. पुढचं पुन्हा स्वच्छ: दादाने हाणलेला पाट, साकेतच्या काकांचे पडलेले दात, सोडवायला आलेल्या हॉलच्या मॅनेजरच्या डोक्यात बसलेली समई.

साकेत म्हणे, कान फाटला म्हणून मी थोबाडीत दिली. दादा म्हणे, थोबाडीत बसली म्हणून माझा हात हिसकला आणि कान फाटला. तेवढ्या एका गोठलेल्या क्षणावर दोन्ही घरांनी सहा वर्षं अबोला पोसला होता, आणि चांगला धष्टपुष्ट केला होता.

आता प्रणिता-साकेतची मैत्रेयी वर्षाची झाली होती. रविवारी तिचे कान टोचायचे होते, आणि ते मामाच्या मांडीवर बसवून टोचतात.

"कान? आणि त्याच्या मांडीवर?" साकेत म्हणाला होता. "त्यापेक्षा खाटकाकडे देऊ."

पण आईबाबांमागे प्रणिताला माहेर म्हणून फरीदाबादचा हा एक दादाच उरला होता. तिने तह घडवला. अडखळणार नाही असा लॅपटॉप घ्यायचा, दुकानातच तिघांनी पाहायचं, आगळीक ज्याची त्याने माफी मागायची. लग्नाचं शूटिंग केलेला स्टुडिओ कधीच बंद पडला होता. साक्षीदार म्हणाल तर ही एक डिस्क.

म्हणून शनिवारी दुपारी तिघे दिल्लीतल्या नेहरू प्लेसच्या एका तळघरातल्या दुकानात उभे होते, प्रणिता मध्ये.

"भाईसाहब, डिस्क कौन देखता है आजकल?" विक्रेता म्हणाला. लॅपटॉपमध्ये आता ड्राइव्हच येत नाही, बाहेरून जोडावा लागतो. पहिला जोडला तो नुसता डीव्हीडीचा. त्याने डिस्कला ओळखच दाखवली नाही. दुसरा ब्लू-रेचा होता, पण दादाने पसंत केलेल्या स्वस्त लॅपटॉपला ते ओझं पेलेना. कानापाशी येऊन तो घरच्यासारखाच गोठला.

"प्रोसेसर बघून घ्यायचा असतो," साकेत म्हणाला. "तो कोपऱ्यातला लावा."

"तू निवडलेला? त्यात तुझ्याच बाजूचं दिसणार."

"लॅपटॉप आहे तो, वकील नाही."

"सरकारी बाबू तुम्ही, साकेतराव. तुमच्या हातात गेलं की कुठलंही चित्र अडकायचंच."

विक्रेत्याने तोवर कोपऱ्यातला लॅपटॉप जोडलासुद्धा. चित्र असं वाहू लागलं की भटजींच्या कपाळावरचा घाम दिसावा.

"आता येईलच," दादा म्हणाला. "मी नुसता धरला होता. दोन बोटांनी. हा असा." आणि त्याने साकेतचा तोच जुना कान धरला.

"हात काढ."

"दाखवतोय फक्त, यार."

"दादा, सोड," प्रणिता म्हणाली.

साकेतचा ठोसा दादाच्या नाकावर बसला. हाड मोडल्याचा आवाज प्रणिताने ऐकला. दादाने कान न सोडताच त्याला काउंटरवर आपटला. जुनी शिवण उसवली आणि रक्त कीबोर्डच्या फटींतून आत गेलं. साकेतने चार्जरची वायर दादाच्या गळ्याभोवती टाकून आवळली. दादाने स्वस्त लॅपटॉप उचलून त्याच्या डोक्यात घातला. काच फुटली, विक्रेता टेबलाखाली गेला आणि तिथून पोलिसांची धमकी देऊ लागला.

कोपऱ्यातला लॅपटॉप मात्र आपलं काम इमानदारीत करत होता. प्रणिताने मान वळवून त्यावर पाहिलं. दादा हसतोय. साकेत हसतोय. साकेतचं हसू जातं, हात उठतो, थोबाडीत बसते. मग दादाचा हात हिसकतो, भिकबाळी ओढली जाते, कान फाटतो. लख्ख, एकदाही न अडखळता. सहा वर्षं तिचा नवरा खोटं बोलला होता.

तिने डिस्क काढली, सँडलच्या टाचेखाली घेतली आणि चुरा केला. मग पुढे होऊन दोघांना एकेक सणसणीत दिली. आधी नवऱ्याला. पण त्या क्रमाकडे दोघांचंही लक्ष गेलं नाही.

"काय दिसलं?" दादाने नाक दाबून विचारलं. वायर सुटली होती.

"सगळं."

"मग सांग ना," साकेत म्हणाला, पण तिच्याकडे न बघता.

"नाही सांगणार. उद्या दोघेही मैत्रेयीजवळ बसा. जो बसणार नाही, आगळीक त्याची होती असं मी सगळ्या नातेवाइकांना सांगेन."

"आणि खरं काय ते?"

"ते आता माझ्याकडे आहे."

"मॅडम, लॅपटॉप?" टेबलाखालून आवाज आला.

"अब नहीं चाहिए। जो टूटा है, वो ये दोनों देंगे।"

रविवारी सोनार आला. मामाच्या मांडीवर मैत्रेयी होती. मामाच्या नाकावर पट्टी, गळ्यावर वायरचा काळानिळा वळ. समोर बाप लेकीचे हात धरून, कानाला टाके, डोक्याला बँडेज. दोघे एकमेकांकडे बघत नव्हते, पण बसले होते. प्रणिता दाराशी उभी राहून त्यांच्या हातांवर नजर ठेवून होती.

सोनाराने तार पुसली, तिघांच्या कानांकडे आळीपाळीने पाहिलं आणि विचारलं, "पहले किसका?"