कोपऱ्यातला टाका

गाड्या धुऊन चकचकीत करून देणाऱ्या त्या वर्कशॉपमध्ये टॉवेलांनासुद्धा उतरती भाजणी होती. गाडीचा रंग पुसायचा टॉवेल हातातून निसटून जमिनीला टेकला की संपलं. तो उचलायचा, धुवायचा, कोपऱ्यात लाल धाग्याचा टाका घालायचा आणि काचेच्या कामाला लावायचा. तिथून पडला की दुसरा टाका, मग दारांच्या कडा. तिसरा टाका म्हणजे चाकं, आणि चाकांच्या पुढे इंजिनाचं तेल. खाली जायची वाट होती, वर यायची नव्हती.

नियम वर्कशॉपच्या मालकांचा, म्हणजे धाकटीच्या सासऱ्यांचा होता. मायक्रोफायबरचा टॉवेल चुगलखोर माणसासारखा असतो, असं ते म्हणायचे. सापडेल ते पोटात धरून ठेवतो आणि नको त्या वेळी बाहेर काढतो. वाळूचा एक कण पोटात राहिला तरी काळ्या गाडीवर ओरखडा उमटणार, आणि तो ओरखडा उन्हात गाडी उभी केल्याशिवाय दिसणार नाही, म्हणजे दिसेल तेव्हा गिऱ्हाईक शेजारी उभं असणार.

धाकटी सून लग्नानंतर या कामात आली ती शिकायच्या हौसेने. पदवी होती, नोकरीची खटपट चालू होती, तोवर हातभार म्हणून. पण तिचा हात असा बसला की दीड वर्षात सासऱ्यांनी तिला शेवटचा हात दिला. शेवटचा हात म्हणजे धुऊन, घासून, पॉलिश लावून झालेल्या गाडीवरून फिरणारा अखेरचा टॉवेल. त्यानंतर गाडीला कोणी शिवायचं नाही. नोकरीचे अर्ज मग मागे पडले ते पडलेच.

पुढे भिंगरी झाली. तिचं पाळण्यातलं नाव वेगळं होतं, पण एका जागी ठरेल तर शपथ, म्हणून भिंगरी. पुढच्या शेडमध्ये पॉलिशचा वास, तिथे लेकराला कसं ठेवणार? सगळ्यांनी एकमताने धाकटीला मागच्या खोलीत बसवलं. तिथे धुलाईचं मशीन होतं आणि वाळत घालायच्या दोऱ्या. टॉवेल धू, बाळाकडे बघ. तुझ्या बऱ्यासाठीच, असं जो तो म्हणाला, आणि ते खरंही होतं. शेवटचा हात थोरल्या जावेकडे गेला. किती दिवसांसाठी, ते कोणी बोललं नाही. धाकटीनेही विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि तिला त्याचीच भीती होती.

थोरली तोंडाने फटकळ होती, मनाने वाईट नव्हती. धुतलेला गठ्ठा न्यायला आली की म्हणायची, "काय गं, कॉलेजात धुलाईचा पेपर होता का तुम्हाला?" धाकटी हसायची. पण मन लावून धुवायची. पाणी कोमट, साबण पातळ आणि जेमतेम. कपडे मऊ करणारं सुगंधी औषध अजिबात नाही, कारण त्याने धाग्यांवर थर बसतो आणि टॉवेल पाणी प्यायचं सोडून ते नुसतं पुढे ढकलत राहतो. सुती कपडा सोबत नाही. वाळवायचं सावलीत, आणि झाकणाच्या डब्यात ठेवायचं.

एक टॉवेल मात्र या सगळ्यातून सुटला होता. भिंगरी रांगायला लागली तेव्हा तिने गठ्ठ्यातून एक कोरा टॉवेल ओढून जमिनीवर आपटला. नियमाप्रमाणे टाका पडला, पण तिने तो सोडलाच नाही. तोंडाशी धरला की झोपायची, काढून घेतला की घर डोक्यावर घ्यायची. सासरे म्हणाले, असू दे, काचेला एक कमी पडला तर काच काही रुसत नाही. तेव्हापासून तो भिंगरीचा. धाकटी तो वेगळ्या घमेल्यात हाताने धुवायची आणि उजेडासमोर धरून कोपरान् कोपरा न्याहाळायची. मग लाल टाका ओढून बघायची. सुटला आणि लेकीच्या घशात गेला तर? असल्या विचारांना तिच्याकडे तोटा नव्हता.

हेडबाईंची काळी गाडी घरी जायची होती त्या सकाळची गोष्ट. हेडबाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. गाडी घ्यायला आल्या की चष्मा पुसून पेपर तपासायला घेतल्यासारख्या चारी बाजूंनी फिरायच्या. गाडी त्यांच्या यजमानांची होती, आणि यजमान आता नव्हते, त्यामुळे तिच्याबद्दल त्यांना कोणी काही सांगायला जात नसे. आदल्या दिवशी थोरलीने रंगाचे होते नव्हते ते सगळे टॉवेल वापरून काढले होते. नवा गठ्ठा पुढच्या आठवड्यात यायचा होता. धाकटीने सकाळीच सगळी फेरी मशीनला लावली.

मशीन थांबल्यावर तिने गठ्ठा ओढला, तर दोन टॉवेल एकमेकांना सोडेनात. मधोमध भिंगरीचं लाळेरं अडकलं होतं. रात्री भरवून झाल्यावर काढून तिने खांद्यावर टाकलं होतं. तिथून ते टॉवेलांच्या टोपलीत कसं गेलं ते तिलाही सांगता आलं नसतं. तिने ते सोडवलं. मागची वेल्क्रोची पट्टी उजेडाकडे धरली. प्लास्टिकच्या बारीक, हुकांसारख्या आकड्यांच्या ओळीत एक टक्कल पडलं होतं. तिथले आकडे तुटले होते. लाळेऱ्यावर ते नव्हते, मशीनच्या जाळीत नव्हते. म्हणजे कुठे होते ते उघडच होतं.

तिने एक टॉवेल गालावरून फिरवला. मऊ. दुसरा मनगटाच्या आतल्या बाजूवरून फिरवला. मऊ. तिसऱ्या टॉवेलला काहीतरी बोचलं, की तसं वाटलं, ते कळेना.

टॉवेल वाळेपर्यंत ती भिंगरीजवळ बसून राहिली. डोक्यात सगळा हिशेब आपोआप मांडला गेला. हे टॉवेल थोरलीच्या हातात जातील. काळ्या रंगावर ओरखडे पडतील. हेडबाई चष्मा पुसतील. बघतील ते थोरलीचा हात. सासरे काही बोलणार नाहीत, पण पुढच्या गाडीला हाक मागच्या खोलीत येईल. लाळेरं तिच्या मुठीत होतं. कोणी पाहिलं नव्हतं. काही करायचंच नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसायला ती या खोलीत चांगलीच शिकली होती.

थोरली गठ्ठा न्यायला आली. आज कॉलेजवरून काही बोलली नाही. खांदा चोळत म्हणाली, "हेडबाईंची गाडी आली की भीतीने एकच पत्रा दहादा पुसते बघ मी. तुझं बरं, तू इथे आहेस."

धाकटीने मूठ उघडली. मशीनमध्ये काय झालं ते सांगितलं. थोरली आधी लाळेऱ्याकडे बघत राहिली, मग गठ्ठ्याकडे.

"आणि मला आत्ता सांगतेस?"

"आत्ताच सांगतेय, ताई."

पुढच्या शेडमध्ये सासऱ्यांनी ते ऐकून घेतलं. रागावले नाहीत. एकेक टॉवेल जुन्या सीडीच्या चकचकीत बाजूवर घासून दिव्याखाली धरू लागले. चौथ्याला सीडीवर केसासारखी रेघ उमटली. त्यांनी पुढचे तपासलेच नाहीत. सगळ्यांना टाका घाला, म्हणाले. थोरली सुईदोरा घेऊन बसली. हेडबाई चारला यायच्या होत्या, आणि रंगाला लावण्याजोगा एकही टॉवेल घरात उरला नव्हता.

"एक आहे," धाकटी म्हणाली.

सासऱ्यांनी मान वर केली. कुठला ते त्यांच्या ध्यानात आलं असावं. "त्याला टाका आहे."

"रोज हाताने धुते, बाबा. एकटाच असतो घमेल्यात. लेकराच्या तोंडात जातो तो, मी त्यात कण राहू देईन का?"

"पडलेला वर येत नाही."

"सीडीवर घासून बघा. रेघ आली तर मी पुन्हा बोलणार नाही."

भिंगरी झोपेत होती. तिच्या मुठीतून टॉवेल काढताना धाकटीला बोटं एकेक करून सोडवावी लागली. धुऊन, पिळून पंख्यासमोर धरला, तो बघता बघता वाळला. सासऱ्यांनी सीडीची कोरी जागा शोधली. घासलं, दिव्याखाली धरलं, चष्मा वर सारून पुन्हा धरलं. मग जरा जोर लावून घासलं. थोरलीची सुई थांबली होती.

सासऱ्यांनी खिशातून छोटी कात्री काढली आणि लाल टाका कापून टाकला.

"पण एकाच टॉवेलात अख्खी गाडी?" थोरली म्हणाली. "मी आपली दर पत्र्याला नवीन घेणारी. मला नाही बाई जमायचं."

"हिला येतं," सासरे म्हणाले, आणि टॉवेल धाकटीपुढे धरला.

तिने तो घडी घालून, पुन्हा घडी घालून पुसायच्या आठ पाठी केल्या. छपराला एक पाठ, बॉनेटला एक. वापरलेली पाठ आत, कोरी बाहेर. मागचं दार चालू असताना आतून भिंगरीचा सूर लागला, आणि तो चढत गेला. धाकटीचा हात थबकला. टॉवेल बोटांतून सरकला, तो तिने पोटाशी दाबून धरला. आत जायचं तर टॉवेल खाली ठेवावा लागणार होता. ती दाराकडे बघत उभी राहिली. थोरली गुडघ्यावरचा गठ्ठा बाजूला सारून उठली आणि आत गेली. रडणं थोडा वेळ तसंच चाललं. मग तुटत तुटत थांबलं. धाकटीने पाठ उलटली आणि पुढचं दार घेतलं.

हेडबाई आल्या, चष्मा पुसला, गाडी उन्हात घ्यायला लावली. दोन फेऱ्या झाल्या. बॉनेटपाशी त्या बराच वेळ थांबल्या. मग किल्ली मागितली. त्यांच्याकडून शेरा म्हणून एवढाच यायचा. गाडी फाटकाबाहेर गेली, आणि सासरे थोरलीच्या रिकाम्या जागेकडे बघत म्हणाले की पांढरी गाडी सकाळी येतेय, पॉलिशचा वास पोचणार नाही असा पाळणा इथे पुढे कुठे वाऱ्याच्या बाजूला बसतो का बघायला हवं.

धाकटी आत गेली. थोरली भिंतीला टेकून बसल्या बसल्या पेंगत होती, आणि मांडीवर भिंगरी, तोंडाशी टॉवेल. सकाळच्या गठ्ठ्यातला नव्हता, काचा पुसायच्या टॉवेलांच्या जुन्या डब्यातला होता. थोरलीने तेवढं पाहिलं होतं. कोपऱ्यात लाल टाका, आणि भिंगरी नेमका तोच चोखत होती.

धाकटी खाली बसली. टॉवेलचा वास घेतला. मग लेकीच्या ओठांतून कोपरा हळूच सोडवून तिने टाका ओढून बघितला, पुन्हा एकदा ओढून बघितला. जावेच्या हातचा टाका होता. पक्का होता.