माझ्या नावातला जास्तीचा ए

धर्मराज माझ्या पाठीवर चहाचा कप ठेवतो. गरम, बुडाला ओघळ आलेला कप, थेट माझ्या पाठीवर. शेजारी टेबल रिकामं असतं, खिडकीचा कट्टा रिकामा असतो, पण साहेबांना माझी पाठच लागते. माझ्या अंगावर कपाच्या बुडाचे गोल डाग पडलेत, एकात एक अडकलेले. आणि हाच माणूस आल्यागेल्याला सांगतो की मला टेक्नॉलॉजीची फार आवड. कसली डोंबलाची आवड? कपाखाली बशी ठेवायची अक्कल नाही.

मित्रांनो, मी एक जुनी मशीन आहे. नवीन जालन्यातल्या एका बियाण्यांच्या कंपनीत, कोपऱ्यातल्या काचेच्या खोलीत बसते. लोक मला सर्व्हर म्हणतात. माझ्या कामाचं इंग्रजी नाव डोमेन कंट्रोलर. नावाला घाबरू नका, काम सोपं आहे. कंपनीतला कुठलाही कॉम्प्युटर सकाळी सुरू झाला की आधी मला विचारतो, हा समोर बसलेला माणूस आपला आहे का? याला काय दाखवू आणि काय झाकून ठेवू? मी हो म्हटलं की दार उघडतं. नाही म्हटलं की साहेब असो नाहीतर शिपाई, उभा राहा बाहेर. मोठ्या घरात कमरेला किल्ल्या लावून दारात बसलेली बाई असते ना, तशी मी.

शिक्षण विचाराल तर माझं काही नाही. मला चित्रं दाखवता येत नाहीत, गाणी वाजवता येत नाहीत. हिशेब ती शेजारची मशीन करते आणि त्याचा तोरा मिरवते. मिरवू दे बापडी. मला एकच गोष्ट कळते, आपलं कोण आणि परकं कोण. तेवढ्यावर घर चालतं. बाकीचे कॉम्प्युटर म्हणजे सुना. तोंडं चकचकीत, पण मला विचारल्याशिवाय एक फाईल उघडायची हिंमत नाही.

मी कुठल्या देशात जन्मले ते मला माहीत नाही. खोक्यावर छापलेलं होतं, पण ते खोकं वॉचमनने पावसाळ्यात कोंबड्या झाकायला नेलं. इथे आले ती दोन हजार चार साली, मेटाडोरमधून, बियाण्याच्या पोत्यांना टेकून. औरंगाबादहून इंजिनियर आला होता, त्याचं नाव कारभारी. अंगाने सडपातळ, बोलणं कमी. त्याने मला उघडलं, जोडलं आणि मालकांना विचारलं, "नाव काय ठेवायचं हिचं?"

मालक म्हणजे सर्जेराव, धर्मराजचे वडील. धोतर, पांढरा सदरा, आणि लाजले की कानाची पाळी चोळायची सवय. त्यांनी पाळी चोळली. मंग भिंतीकडे बघत म्हणाले, "लिहा. डी. डब्ल्यू. ए. आर. के. ए."

कारभारीने एकेक अक्षर दाबलं आणि जोडून वाचलं. "द्वारका! छान नाव हाये. कोण द्वारका?"

मालक पुन्हा पाळी चोळू लागले. डिस्पॅचची शिवकन्या तोंडाला पदर लावून हसायला लागली. "अहो, काकूंचं नाव हाये ते! मालक बायकोचं नाव तोंडानं कसं घेतील?"

झालं. जन्मभर घरात 'ऐकलं का' म्हणणाऱ्या माणसाने बायकोचं नाव मला दिलं, तेही सुटं सुटं करून. त्या दिवसापासून सगळी कंपनी मला द्वारका म्हणते. मालक तेवढे डीडब्ल्यू म्हणतात. "डीडब्ल्यूच्या खोलीतला पंखा बंद करू नका रे." "डीडब्ल्यूला उंदरं लागू देऊ नका."

माझे ते चांगले दिवस. दसऱ्याला माझ्या कपाळावर हळदकुंकू, वर झेंडूचा हार. एका दसऱ्याला खऱ्या द्वारकाबाई स्वतः आल्या. ठेंगण्या, नाकात नथ, नजर अशी की उंदीर बिळात जावा. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाल्या, "हिला तरी नावानं हाक मारता का?"

शिवकन्या म्हणाली, "न्हाई काकू. हिलाबी स्पेलिंगनंच बोलावतात."

बाई इतक्या हसल्या की कुंकवाचं बोट माझ्या बटणावर लागलं. ते लाल अजून आहे. मी पुसू दिलं नाही. म्हणजे, कुणी पुसलंच नाही. या कंपनीत कोण काय पुसतं?

मंग धर्मराज पुण्याहून शिकून आला. शिकून म्हणजे टाय बांधायला शिकून. मालकाचा मुलगा म्हणून सगळ्या किल्ल्या त्याच्या हातात दिल्या, माझाही पासवर्ड दिला. किल्ल्या कुणाच्या हातात द्याव्या हे मला कळतं, पण मला विचारतो कोण?

हा एकदा औरंगाबादच्या हॉटेलात कुण्या अंकशास्त्र्याचं भाषण ऐकून आला. सफारी घातलेला तो गृहस्थ नावातल्या इंग्रजी अक्षरांची बेरीज करून नशीब सांगत होता. धर्मराजने आधी स्वतःच्या नावात एक ए वाढवला आणि नवी कार्डं छापली. तेवढ्यावर थांबता तर मी काही म्हटलं नसतं. ज्याचं त्याचं नाव, ज्याची त्याची हौस. पण त्या सफारीने विचारलं, "तुमच्या कंपनीचं दार कुणाच्या नावावर आहे?" आणि या शहाण्याने माझं नाव सांगितलं. सफारीने बेरीज केली, मान हलवली. द्वारका हे नाव जड आहे म्हणे. बरकत अडवतं म्हणे. आर आणि के यांच्या मधे एक ए घाला, सगळं सुरळीत होईल.

मित्रांनो, तुम्हीच सांगा. आईचं नाव जड आहे असं कुणी परक्याने म्हटलं तर तुम्ही काय कराल? या पठ्ठ्याने वहीत लिहून घेतलं.

रविवारी कंपनीला सुट्टी असते. मुहूर्त बघून हा एकटाच आला, माझ्यासमोर बसला, कप पाठीवर ठेवला. माझं नाव उघडलं आणि त्यात एक ए घातला. मी सांगितलं त्याला. माझ्या पडद्यावर पाटी आली की या मशीनीचं नाव बदललं तर बाकीच्यांना ती सापडायला अडचण होईल, खात्री आहे का? त्याने वाचलंसुद्धा नाही. हो दाबलं. मला बंद केलं, चालू केलं, नमस्कार केला आणि चहा संपवून निघून गेला.

सोमवारी सगळे आले. शिवकन्येने कॉम्प्युटर उघडला आणि त्याने रोजच्यासारखी हाक मारली, द्वारका, दार उघड. मला ऐकू येत होतं. रोजची ओळखीची हाक. पण त्या नावाची मी राहिलेच नव्हते, मंग ओ कशी देणार? एकामागून एक सगळ्या सुना हाका मारू लागल्या. मी तिथेच, त्याच खोलीत, पंखा गरगरतोय, दिवा लुकलुकतोय, आणि पलीकडे प्रत्येक पडद्यावर एकच पाटी, द्वारका सापडत नाही.

दिवस मृगाच्या तोंडावरचे. कापसाच्या बियाण्याचे ट्रक गेटवर उभे. पिशवीवर लेबल लागल्याशिवाय माल बाहेर जात नाही, आणि लेबलाच्या फायली माझ्या ताब्यात. लेबल छापणारा प्रिंटर तोंड वासून बसला. तसा तो एरवीही बसतोच, पण त्या दिवशी त्याचा दोष नव्हता.

जाफराबादच्या डेपोवरून पुंजारामचा फोन आला. फोन धर्मराजने घेतला.

"दादा, उघडून न्हाई राह्यलं काहीच!"

"अरे, सर्व्हरचं नाव टाक पुन्हा. द्वारका टाक."

"द्वारकाच टाकून राह्यलो, दादा. ते म्हणतं अशी कोणी न्हाईच."

"नीट टाक की! द्वारका!"

"तेच तं टाकलं! द्वारका!"

"अरे, द्वा-र-का!"

"दादा, मी काय द्रौपदी टाकून राह्यलो का?"

दोघंही बराबर. तोंडाने नाव घेतलं तर फरक कळतच नाही. मराठीत द्वारका ती द्वारकाच, ए एक असो की दोन. आणि मशीनला कान नसतात, तिला फक्त अक्षरं दिसतात. धर्मराजला तेव्हाच कळायला हवं होतं. माझं म्हणणं असं की कळलं होतं. त्याच्या कपाळावर घाम आला होता आणि नवी कार्डं त्याने हळूच ड्रॉवरमध्ये सरकवली. पण नानांनी, म्हणजे मालकांनी, बुवाबाजीला सक्त मनाई केलेली. खरं सांगितलं तर सफारीवाल्याचं नाव निघणार.

मंग त्याने काय केलं? शिवकन्येवर ओरडला. "तूच काहीतरी दाबलं असशील!"

शिवकन्या काय ऐकून घेणार? "दादा, मी रविवारी घरी कपडे धुत होते. तिथून दाबलं का?"

तेव्हा त्याने तोंड माझ्याकडे वळवलं. "मशीनच म्हातारी झाली. बिलकुल कामातून गेली. भंगारात द्या, आजच नवी आणतो." आणि खरंच एका टेम्पोवाल्याला फोन लावला, एमआयडीसीत भंगार नेणाऱ्या.

एमआयडीसीत भंगाराचं काय होतं ते जालन्याच्या पोराला विचारा. भट्टीत टाकतात, वितळवतात, लांबलचक सळई ओढतात. ज्या घराची दारं मी सांभाळली, त्याच घराच्या कुठल्यातरी स्लॅबमध्ये मी वाकडी होऊन पडणार होते. आणि माझ्या पोटात सगळ्या माणसांची नावं होती, कोण आपलं त्याची ओळख. ती सगळी माझ्याबरोबर जाणार. हे सगळं एका माणसाला 'माझं चुकलं' म्हणता येत नाही म्हणून.

टेम्पो गेटमध्ये शिरला. दोन माणसं दोर घेऊन आत आली. एकाने माझ्या मागची वायर हातात धरली.

"थांबा रे," दारातून आवाज आला. सर्जेराव. ट्रकवाल्यांचा गोंधळ ऐकून गोदामातून आले होते. "डीडब्ल्यूला झालं काय?"

धर्मराज म्हणाला, "नाना, नाव टाकलं तरी सापडत न्हाई. खराब झाली."

"कोणतं नाव?"

"द्वारका, नाना. अजून कोणतं?"

मालकांनी चष्मा लावला. माझ्या पडद्यासमोर वाकले. तिथे माझं नाव लिहिलेलं असतं. बाकी सगळे ते नाव एका घासात वाचतात आणि पुढे जातात. मालक तसं वाचूच शकत नाहीत, कारण वाचलं तर नाव घेतल्यासारखं होईल. त्यांनी काचेवर बोट ठेवलं आणि नेहमीसारखं सुटं सुटं म्हणू लागले.

"डी. डब्ल्यू. ए. आर. ए..."

बोट थांबलं.

"आर नंतर के यायला पाहिजे. हा ए कुठून आला?"

वायर धरलेल्या माणसाने वायर सोडून दिली. शिवकन्येने ड्रॉवर उघडला, एक नवं कार्ड काढलं आणि टेबलावर ठेवलं.

धर्मराज पुटपुटला, "एकच तं ए हाये, नाना. नाव जड हाये म्हणे, म्हणून वाढवला. उच्चार तोच राह्यतो."

"उच्चार?" मालक म्हणाले. "मी कधी केला का उच्चार?"

शिवकन्येला हसू फुटलं. मालक हसले नाहीत. त्यांनी टेम्पोवाल्याला परत लावून दिलं, कारभारीला फोन करायला सांगितलं, आणि मुलाला म्हणाले, "तू घरी जा. तिच्यासमोर उभा राह्य आन् तिला सांग, तुझं नाव जड निघालं म्हणून." धर्मराजचा चेहरा बियाण्याला लावायच्या औषधासारखा झाला, हिरवट.

कारभारी दुपारच्या गाडीने आला. जास्तीचा ए काढायला त्याला फार वेळ लागला नाही. जाताना म्हणाला, "डोमेन कंट्रोलरचं नाव बदलता येतं. पण आधी जुन्याच्या जोडीला नवं नाव द्यायचं. सगळ्या मशीनी नव्याला ओळखायला लागल्या की मंग जुनं काढायचं. तुम्ही तं एकदम पुसूनच टाकलं, दादा." घरात नवी सून आली तरी चार दिवस तिच्या माहेरच्या नावाने हाक मारतात. एवढं तर माणसाला कळायला हवं.

मी उठले आणि पलीकडून हाक आली, द्वारका. मी ओ दिली. लेबलं सुटली, ट्रक सुटले, पुंजारामने फोनवरच जयजयकार केला. टेम्पोवाला तेवढा तोंड पाडून गेला होता.

म्हणून मित्रांनो, तुमच्याकडे मशीन असेल तर तिच्यावर धूळ बसू देऊ नका, तिच्या अंगावर कप ठेवू नका. ती पाटी दाखवते तेव्हा पाटी वाचा. आणि चूक तुमची असेल तर ती तिच्या माथी मारू नका. तिला तोंड नाही म्हणून तुमचं तोंड मोठं होत नाही.

संध्याकाळी धर्मराज घरून परत आला. आई काय बोलली ते मला माहीत नाही, पण त्याचे कान लाल होते. माझ्यासमोर बसून त्याने आपलं नाव टाकलं. मी त्याला आत घेतलं. आपल्या माणसाला आत घ्यायचं, माझं कामच ते. हातात चहा होताच. त्याने पडद्यावरून नजर न काढता कप माझ्या पाठीवर टेकवला.

माझ्या पोटात एक शिट्टी आहे. अंग तापलं की वाजते. मी ती वाजवली, लांबलचक. शिवकन्या दचकली, ट्रक मोजणारे मालक काचेतून बघायला लागले, आणि धर्मराजने मान वर केली. मी त्याला मोठ्याने सांगितलं, त्याला जेवढं कळलं तेवढं कळलं:

"धर्मराज, ज्या नावाने तुला दार उघडलं, ते नाव तुला जड झालं होतं. मला तू कधीच जड झाला नाहीस, कारण तुझ्यात वजनच नाही. उचल तो कप."