अडीच इंचांचं घर

मी गुलमंडीजवळच्या एका बंदुकांच्या दुकानातून बोलतेय. मागच्या कपाटात, उजवीकडून दुसरी उभी आहे ती मी. दुनळी. मुद्दाम बघायला कुणी येत नाही, म्हणून आपणहून सांगते.

चाळीस वर्षं मी दौलताबादच्या नानासाहेबांकडे होते. तुम्हाला वाटेल, केवढे जीव घेतले असतील हिनं. एकही नाही. पेरूच्या बागेत रानडुकरं शिरली की नानासाहेब मला आभाळाकडे धरून बार उडवायचे आणि डुकरं पळायची. खांद्याला दणका बसायचा, म्हणून त्यांच्या बायकोनं, द्वारकाबाईंनी, जुन्या लुगड्याची गादी शिवून माझ्या दस्त्यावर बसवली. निवडणूक आली की आम्हा बंदुकांना ठाण्यात जमा करतात; तिथं लुगडं नेसलेली मी एकटीच. मोठ्या तोऱ्यात असायचे.

पुढे द्वारकाबाई गेल्या. मुलगा सत्यम शहरात, पुंडलिकनगरात राहतो, फोन करतो. बागेत उरलो आम्ही दोघं. मला तेल लावता लावता नानासाहेब बोलायचे, डुकरांविषयी कमी आणि द्वारकाबाईंविषयी जास्त.

मग माझी आखूड काडतुसं मिळेनाशी झाली. माझ्या नळीतलं काडतुसाचं घर अडीच इंचांचं, आणि बाजारात सगळी पावणेतीन इंची. नानासाहेबांनी त्यातलं एक घालून पाहिलं, तर ते सरळ आत गेलं. आत गेलं म्हणजे बसलं, असं बागाईतदाराचं साधं गणित. पण बार उडताना काडतुसाचं दुमडलेलं तोंड उलगडतं, त्याला पुढं जागा लागते. ती माझ्याकडे नव्हती. पहिल्याच बाराला नळी आणि दस्त्यामधला माझा सांधा खिळखिळा झाला आणि त्यांचा खांदा आठवडाभर सुजला.

ते मला इथं, कचरू मिस्त्रींकडे घेऊन आले. घर वाढवून द्या म्हणाले. मीही मनात तेच म्हणत होते. खरवडा, कापा, काय वाटेल ते करा, पण मला परत पाठवा. मिस्त्रींनी नळीची जाडी मोजली. पुन्हा एकदा मोजली.

"नानासाहेब, नळी लई झिजली. घर वाढवलं तर एखाद्या दिवशी तुमच्या गालापाशीच फुटंल. मी हात लावणार नाय."

मला राहायचं होतं ते त्याच गालापाशी. मिस्त्रींवरचा राग मी तिथंच सोडून दिला.

नानासाहेबांनी तीन नव्या बंदुका खांद्याला लावून पाहिल्या आणि लांब काडतुसांची एक निवडली. परवान्यावर माझ्या जागी आता ती. मग ते माझ्याकडे वळले आणि चाकूनं गादीचे टाके उसवायला लागले.

"ही गादी तेवढी नेतो गं," ते म्हणाले. "तिच्या हातची हाय."

त्यांनी मला शेवटचं तेल लावलं आणि गेले.

दोन हिवाळे झाले. उघड्या दस्त्याला कपाटाचं लाकूड गार लागतं. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण तुम्ही कधी दौलताबादला गेलात आणि पेरूच्या बागेतून बार ऐकू आला, तर जरा थांबा. गादी नव्या दस्त्यावर नीट बसली का, त्यांचा खांदा दुखत नाही ना, एवढं विचारा. आणि परतताना गुलमंडीवरून या.