तारेला दुसरा माणूस लागतो

गिऱ्हाईक काय विकत घेतं याहून ते काय उचलून परत ठेवतं, ते मी बघते. माणूस त्यातच कळतो. तोइमीकाकांनी त्या जानेवारीत माझ्या दुकानात तांब्याच्या तारेचं वेटोळं उचललं, बोटांनी चाचपलं आणि जागच्या जागी ठेवलं. मग पुन्हा उचललं, पुन्हा ठेवलं. शेवटी म्हणाले, "तंगूस दे. जाडसर."

"टाकणार कुठे?"

"खोल कपारीवर."

कपारीवर, म्हणजे तळ एकदम खचतो तिथे, तीस वाव पाणी, आणि वर हातभर बर्फ. "अहो काका, तिथे नायलॉनचा तंगूस? तो रबरासारखा ताणला जातो. तुम्ही वर हिसका द्याल, खाली गळ नुसती मान डोलावेल. ट्राउटला वाटेल, कुणीतरी नमस्कार करतंय."

"पोरी, मी सुपीरियर सरोवरावर गळ टाकत होतो तेव्हा तुझ्या बापाचं लग्नसुद्धा ठरलं नव्हतं."

बोलताना ते माझ्या ओठांकडे बघत होते. आरा गिरणीच्या खडखडाटात उभा जन्म काढलेली आमच्या गावची सगळीच माणसं असं बघतात. कानाचं नाव काढलं की मात्र चिडतात.

मासा कशासाठी हवा होता, ते मला ठाऊक होतं, कारण मीच त्यांना सांगितलं होतं. त्यांचा धाकटा भाऊ रेइनो आजारी होता. डॉक्टरांनी हात टेकले होते. त्याची बायको हिल्क्का दुकानात येऊन म्हणाली होती, "काही खात नाही गं. फक्त कालामोयाक्का मागतो." म्हणजे मासा-बटाट्याचं आमचं दुधातलं कालवण. "मी बाजारातला मासा घालून केलं, तर चमचा ठेवून म्हणाला, हा काठाजवळचा आहे. कपारीवरच्याचं डोकं घाल, ज्याची चरबी वर तरंगते."

हे ऐकून तोइमीकाका दुसऱ्या दिवशी दोऱ्यांपुढे येऊन उभे राहिले, एवढंच. आमच्या पुरुषांना माफी मागायची वेळ आली की आधी हत्यार लागतं.

माफी कसली, तेही गावाला पाठ होतं. कपारीवर तांब्याची तारच खरी. ती ताणली जात नाही, गोठत नाही, आणि तळाशी माशाने आमिष हुंगलं तरी बोटाला कळतं. पण तारेला पीळ बसला की ती मेली. त्यामुळे ती ओढून पायाशी ढीग करता येत नाही. मासा लागला की तार खांद्यावर घ्यायची आणि बर्फावरून नाकासमोर पळत सुटायचं. बर्फातल्या भोकाशी दुसरा माणूस लांब दांड्याची आकडी घेऊन बसतो. माशाचं डोकं दिसलं की तो ओरडतो, "थांब!" पळणारा थांबतो, भोकावरचा आकडी मारतो. हे दोघे भाऊ अख्खी जवानी असेच मासे मारत आले. तोइमीकाका पळायचे, रेइनो भोकाशी.

मग एका मार्चमध्ये वासराएवढा मासा लागला, असं दोघंही सांगत. बाकी कशावरच त्यांचं एकमत नव्हतं. तोइमीकाका पळतच राहिले, माशाचं डोकं बर्फाच्या कडेखाली आपटलं, तार तुटली.

"तू ओरडला नाहीस."

"ओरडलो. घसा फुटेस्तोवर ओरडलो."

त्या रविवारी चर्चच्या तळघरात, सगळ्यांच्या हातात कॉफीचे कप असताना तोइमीकाका म्हणाले, "रेइनोपेक्षा भोकाशी बादली ठेवलेली बरी. निदान ती खोटं बोलत नाही." लोक हसले. मीही हसले असेन, विनोद बरा होता. रेइनोने कप ठेवला, टोपी घातली आणि गेला. तेव्हापासून बर्फावर दोन खोपटी, दोन भोकं. तार कुणाकडेच नाही; रिळावर दोरा गुंडाळायला दुसरा माणूस लागत नाही.

म्हणून मी तंगूस मोजून देताना सरळच म्हणाले, "काका, रेइनो अजून हिंडतोफिरतोय. काल स्वतः लाकडं आत नेत होता. तार न्या नि त्याला हाक मारा."

त्यांनी ओठ वाचले. वाचले हे मला कळलं. म्हणाले, "थंडी वाढणार म्हणतात."

आठवड्याने परत आले. "लागला होता. ओढला. सुटला."

"नमस्कार करून गेला ना?"

"जास्त बोलू नकोस. दुसरं काय आहे?"

दुसरं म्हणजे विणलेला दोरा. तो ताणला जात नाही, पण पाणी पितो, आणि पाणी प्यायलेला दोरा आमच्या हवेत कपडे वाळत घालायच्या काठीसारखा ताठ होतो. हेही मी सांगितलं. त्यांनी पुन्हा एकदा तारेच्या वेटोळ्याला हात लावला, काढला, आणि दोरा घेऊन गेले. तो रिळात गोठून बसला. मग हातानेच ओढायला गेले, तर भोकाच्या कडेला घासून घासून तुटला. मासा गेला, आमिष गेलं, आणि जानेवारीही गेला.

फेब्रुवारीत हिल्क्का आली ती मेणबत्त्या न्यायला. "आता उठत नाही," म्हणाली.

त्याच दुपारी तोइमीकाका आले. तारेचं वेटोळं उचललं आणि या वेळी खाली ठेवलं नाही. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुला आकडी मारता येते का गं, इल्मी?"

मी दुकानाला कुलूप लावलं.

कपारीवर वारा नव्हता. काका स्टुलावर बसून तार बोटावर तोलत होते, डोळे मिटून. त्या म्हाताऱ्या बोटांत काय जादू होती! मला काहीच दिसलं नाही, आणि ते ताडकन उठले. तार खांद्यावर, आणि निघाले पळत. ऐंशीच्या घरातला माणूस, पळणं कसलं, बदकासारखं फतक फतक. मी भोकाशी गुडघे टेकले. काळ्या पाण्यात आधी हिरवट उजेड हलला, मग रुंद जबडा वर आला.

"थांबा!"

काका पळत होते.

"काका, थांबा!" माझा आवाज काठावरून परत आला. काठावर कुणाचं तरी कुत्रं भुंकायला लागलं.

काका पळतच होते. मासा कडेवर आपटणार तेवढ्यात मी खांद्यापर्यंत हात पाण्यात घालून आकडी मारली आणि त्याला ओढून बर्फावर लोळवला. माझी बाही तिथल्या तिथे गोठली. तार ढिली पडली तेव्हा कुठे ते वळले. धापा टाकत परत आले, आणि माशाकडे बघायच्याही आधी रागाने म्हणाले, "ओरडली का नाहीस?"

मी त्यांच्या अगदी समोर उभी राहिले, ओठ दिसतील अशी.

"ओरडले. दोनदा. दुसऱ्यांदा तर कुत्रं उठलं."

त्यांनी काठाकडे बघितलं. कुत्रं अजून भुंकत होतं. जबडा वासून भुंकताना इथून स्पष्ट दिसत होतं. त्यांनी मान तिरकी करून कान तिकडे केला. मग स्टुलावर बसले आणि कानावरची टोपी काढून हातात धरली, जणू दोष टोपीचाच असावा.

हिल्क्काने आणि मी मिळून कालवण केलं. डोकं घातलं, चरबीचे पिवळे डोळे वर तरंगले. खोलीचं दार उघडं होतं. तोइमीकाका खुर्ची पलंगाला चिकटवून बसले होते, भावाच्या ओठांपाशी.

"कशावर काढलास?" रेइनोने विचारलं.

"तारेवर."

"भोकाशी कोण होतं?"

"इल्मी."

"ओरडली?"

"दोनदा." काकांनी टोपी चुरगाळली. "मला ऐकू आलं नाही, रेइनो. तेव्हाही आलं नसणार."

रेइनोने मान खिडकीकडे वळवली.  खिडकीतून कपारीवरचं खोपटं दिसतं. कट्ट्यावर दुर्बीण पडली होती.

"ख्रिसमस झाल्यापासून तुझ्यावर नजर ठेवून होतो," तो म्हणाला. "तू ती तार विकत घेशील नि बोलावशील, असं वाटत होतं. बूट शेगडीजवळ काढून ठेवले होते, हिल्क्काला विचार. मग तू रीळ लावून बसलेला दिसलास. म्हटलं, रीळ आणलंय, म्हणजे माणूस नको असणार."

"तू आपणहून यायचंस."

"न बोलावता? मी काय बादली आहे, स्वतःच जाऊन बसायला?"

दोघे हसले. रेइनोला हसता हसता खोकला लागला आणि थांबेना. हिल्क्का वाटी घेऊन आत गेली. त्याने दोन चमचे घेतले, तिसरा तोंडातच राहिला. "कपारीवरचा आहे," म्हणाला. एवढंच.

बर्फ फुटायच्या आत तो गेला.

पुढच्या हिवाळ्यात तोइमीकाका दुकानात आले. तारेच्या वेटोळ्याला त्यांनी हातही लावला नाही.

"तंगूस दे. जाडसर."

मी दिला. ते जाईनात. माझ्या ओठांकडे बघत उभे राहिले, नेहमीचं काहीतरी बोलेन म्हणून. मी तारेचं वेटोळं उचललं आणि परत जागच्या जागी ठेवलं.